वर्षभर हलवू नये

प्रयोगशाळेच्या दारामागच्या टेबलावर बाईंनी एक बाटली ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'वर्षभर हलवू नये.' खाली सही. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

बाटलीतल्या द्रवात होते काचेचे अतिसूक्ष्म कण, आणि प्रत्येक कणाला पॉलिमरचे केस लावलेले. असे केसाळ कण दाटीवाटीने भरून शांत ठेवले, की हळूहळू एकमेकांत बस्तान बसवतात आणि द्रव घट्ट होत जातो. ढवळला की पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागतो. या मंडळींच्या नादात बाईंचे स्वतःचे केस पांढरे झाले होते. वर्षभरात द्रव किती घट्ट होतो, एवढंच मोजायचं राहिलं होतं. निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण वरून मेहरबानी झाली होती : हा प्रयोग संपेपर्यंत राहा, मग खोली रिकामी करा.

प्रयोगशाळेतले मदतनीस मामा बाईंच्याच वर्षी नोकरीला लागलेले, वयाने थोडे लहान. तेव्हा ही यंत्रं नव्हती. काचेच्या नळीत पोलादी गोळी सोडायची, बाईंनी घड्याळ धरायचं आणि मामांनी तळाशी डोळे लावून ओरडायचं, "पोचली!" घट्ट द्रवात गोळीला तळ गाठायला पाऊण तास लागे. तेवढ्यात दोघांच्या घरच्या सगळ्या भानगडी बोलून होत. बाईंना ते दिवस फार आठवत. आताचं यंत्र दोन मिनिटांत आकडा देई, मग बोलणार कधी?

चिठ्ठीचं पावित्र्य मामांनी प्राणपणाने जपलं. रंगारी आले, म्हणाले, "टेबल सरकवा."

"वाचता येतं ना? हलवू नये!"

टेबलामागची भिंत जुन्याच रंगाची राहिली. मग नवं कपाट आलं. टेबलामुळे दार अर्धंच उघडायचं, म्हणून कपाट बाहेर बोळात अडकलं. त्यामुळे विभागप्रमुखांना स्वतःच्या खोलीत जाताना रोज श्वास रोखून, आडवं होऊन जावं लागे, आणि साहेबांचं पोट काही असंतसं नव्हतं.

"मामा, चार बोटं तरी सरकवा की हो!"

"बाईंची सही आहे, साहेब."

वर्ष भरलं. बाईंनी बाटली उघडली, थोडा द्रव यंत्राच्या तबकड्यांमध्ये घातला. अभिनंदन करायला साहेबही अंग चोरत आत आले. आकडा आला, तो बाईंनी दोनदा वाचला. द्रव कालच बनवल्यासारखा वाहत होता.

"मामा, बाटली कुणी हलवली?"

"छे! इंचभर जागची हलली नाही. साहेबांच्या पोटाला विचारा."

"मग हे असं कसं झालं?"

"काय माहीत. मी तर रोज सकाळी जागच्या जागी नीट ढवळत होतो."

"ढवळत होता?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलंत ना, रोज ढवळायचं, नाहीतर घट्ट होऊन बसतं? आणि ढवळू नये असं कुठं लिहिलं होतं?"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आता पुन्हा करायचं तर?"

"पुन्हा एक वर्ष," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, बोळातल्या कपाटाकडे पाहिलं, मग बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. माणूस मनाने वाईट नव्हता. "प्रयोग संपेपर्यंत म्हणजे संपेपर्यंत," असं पुटपुटत, पोट आत ओढून ते मुदतवाढीचा कागद आणायला गेले.

खोलीत दोघंच उरली. मामा ढवळायची काचकांडी धूत होते, जरा जास्तच मन लावून.

"मामा, इतकी वर्षं इथं काढलीत. हलवू नये म्हणजे काय, ते खरंच कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं की."

"मग?"

"बाटली घट्ट झाली की तुम्ही जाणार, असं साहेब म्हणाले होते."

बाईंना संताप आला, पण ओरडावंसं वाटेना. वर्षाचं काम या माणसाने पाण्यात घातलं होतं. आपण जाऊ नये असं कुणाला तरी रोज सकाळी वाटत होतं, हेही त्यांना आजच कळत होतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"यंदा हात लावलात तर बघा."

"नाही लावणार. शप्पथ."

"विश्वास कसा ठेवू?"

"पुढच्या वर्षी मीपण नोकरीतून सुटतोय ना, बाई," मामा म्हणाले. "आता घट्ट झाली तरी चालेल. बरोबरच निघू."