केसाळ्याने नेलेला माणूस

“तिका बोलूंक लावूं नाका गो,” काका मासळीवाल्या शेवंतीला दबक्या आवाजात सांगत होते. “तिचो आवाज अजून वापरूंक ना.”

मी बांगड्यांसाठी थाळी घेऊन पायरीवर उभी होते. शेवंतीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, न उघडलेल्या पाकिटाकडे पाहावं तसं, आणि काही न विचारता बांगडे थाळीत ठेवले.

काका म्हणजे आमचे शेजारी दामोदर. गोव्यातल्या पाळी गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचा वाडा, म्हणजे वस्ती आहे, आणि वाड्यावर त्यांना दामोदर असं कुणीच म्हणत नाही. ‘सुदेशाचो बापूय’, सुदेशचा बाप, म्हणतात. मी काहीच म्हणत नसे. बाहेरगावी इंग्रजी शाळेत शिकून परतले तेव्हा माझी घरची भाषा इतकी बुजरी झाली होती की तोंड उघडण्यापेक्षा मान हलवणं सोपं वाटायचं. लोक मला गर्विष्ठ समजत. काका मात्र माझी बाजू घेत. बसमध्ये कंडक्टरला माझा थांबा तेच सांगत. पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला की माझ्याआधी फाटकाशी जाऊन “तिका चार उंडे दी” म्हणत. मी खोकले तर स्वतः आल्याचा काढा आणून देत. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस. त्या दिवशी पायरीवर कळलं की हा माणूस कसलीतरी साठवण करतोय.

काकांचा जीव एका शब्दात अडकलेला होता. केसाळो. अंगभर केस असलेला, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या डोंगरात माणसाएवढं, माकडासारखं, दोन पायांवर चालणारं काहीतरी आहे म्हणतात, त्याचं हे नाव. कुणी बेपत्ता झालं की ‘केसाळ्यान व्हेलो’, म्हणजे केसाळ्याने नेला, असं आमच्याकडे सहज म्हणून टाकतात. काकांना हे सहज म्हणणं खपत नसे. “उतर खंय घालपाचें तें कळूंक जाय,” ते म्हणत. शब्द कुठे घालायचा ते कळलं पाहिजे.

दुकानदाराची छत्री हरवली. तो म्हणाला, केसाळ्याने नेली. काकांनी त्याला सुनावलं की छत्री चोर नेतो, केसाळो माणूस नेतो. वाड्यावरची एक मुलगी वाळपईच्या मुलाबरोबर निघून गेली, तेव्हा तिची आई अब्रू राखायला केसाळ्याचं नाव घेऊ लागली. काका चौकशीला गेले. बॅग नेली का, एवढंच विचारलं. नेली होती. “मागीर केसाळो न्हय,” ते म्हणाले, मग केसाळो नव्हे. “केसाळो बॅग भरूंक वेळ दिना.” एका शोकसभेत वक्त्याने आवाज चढवून ‘काळरूपी केसाळ्याने आपल्या सरांना नेले’ असं म्हटलं, तर काका मागच्या रांगेतून उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “सर मेले. व्हेले न्हय. आमीच तांकां जाळ्ळे.”

त्यांच्या मागच्या खोलीत बेळगावकडचे दोन गवंडी भाड्याने राहत. त्यांनी एकदा मोबाइलवर हिमालयातला यती दाखवला, बर्फातून डुलत जाणारा. काकांनी तो लक्ष देऊन पाहिला आणि विचारलं, हा माणसं नेतो का. नाही, असं कळल्यावर त्यांनी मोबाइल परत दिला. “मागीर हें फकत जनावर.”

केसाळो दिसतो कसा, हे ते कधी सांगत नसत. तो काय करतो ते सांगत, आणि सांगताना नेहमी उंबऱ्याच्या आत येत. “तो मारिना. बसयता.” मारत नाही, बसवून ठेवतो. तिन्हीसांजेला एखादा माणूस रिकाम्या हातांनी एकटाच बसला असेल, तर केसाळो येऊन त्याच्या शेजारी बसतो. भिजलेल्या घोंगडीसारखा वास येतो. बाकी काही नाही. थोड्या वेळाने माणसाला उठावंसं वाटत नाही. मग तो स्वतःचं नाव विसरतो. कुणी त्याला नावाने हाक मारली तरच तो उठतो. ती हाक रक्ताच्या माणसाची चालत नाही, केसाळो ती ओळखतो. परक्याची लागते, आणि एक आवाज एकदाच लागू पडतो. मग तो आवाज केसाळो ठेवून घेतो.

शेवंतीने एका संध्याकाळी अशी हाक मारली होती. तेव्हापासून टोपली घेऊन खाणीखालून जाताना तिला वरून स्वतःचाच आवाज ऐकू येतो म्हणे. ती हे हसत हसत सांगते. पण जाते लांबच्या रस्त्याने.

हाका कुणासाठी, ते वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. काकांचा एकुलता एक सुदेश खनिजाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या टपावर दोडक्याची वेल चढली. बंद खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं. एका संध्याकाळी त्या पाण्याच्या कडेला सुदेशच्या चपला सापडल्या, पाण्याकडे तोंड करून नीट ठेवलेल्या. पाणबुडे उतरले. त्यांना काही मिळालं नाही. तेव्हा बापाला कुणीतरी म्हणालं, केसाळ्यान व्हेलो. कोण म्हणालं ते आज कुणालाच आठवत नाही. पण म्हटलं गेलं, आणि मग सगळ्यांनाच ते निभावावं लागलं. एकेक जण काकांबरोबर वर गेला आणि हाक मारून आला. दुकानदार गेला, कंडक्टर गेला, सुदेशला कधी न पाहिलेले गवंडी गेले. असल्या गोष्टी न मानणारे माझे पप्पाही गेले, आणि परत आल्यावर नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

“मेलो न्हय, व्हेलो,” काका म्हणत. ते तर्पण करत नसत. जेवताना दोन पानं वाढत.

यंदा चतुर्थी झाल्यावर पेडण्याहून त्यांची मोठी बहीण आली. अंगणात उभी राहून तिने सरळ सांगितलं, “दामू, औंदू म्हाळांत सुदेशाचें पान घाल.” म्हणजे पितृपक्षात त्याला पितरांत बसव. काका म्हणाले, एक आवाज अजून शिल्लक आहे. बहिणीने कुंपणापलीकडे माझ्याकडे पाहिलं. “मागीर तो वापर,” ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात आले. फक्त नाव, एकदाच, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली.

चढावर ते सारखे थांबत होते. चपलेत खडा गेला. पाणी प्यायचं राहिलं. आज वारा उलटा आहे, हाक पोचेल का. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा आवाज त्यांनी वापरायला नव्हे, न वापरायला जपला होता. तो होता तोवर हाका संपल्या असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

खड्ड्याच्या कडेला एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. काका त्यावर बसले. अर्ध्यावरच बसले, शेजारी जागा सोडून. रिकामे हात गुडघ्यांवर ठेवले. “मार,” म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

खाली हिरवं पाणी हलत नव्हतं. वानरांचा आवाज नव्हता. चार दिवस पाऊस नव्हता, तरी मला ओल्या घोंगडीचा वास आला. मी थांबले. काका पुन्हा ‘मार’ म्हणाले नाहीत. उजेड कमी होत गेला, आणि त्यांचे खांदे हळूहळू सैल पडले, आपल्या जागेवर परतलेल्या माणसासारखे. मी हाक मारली नसती तर ते तिथेच, तसेच, निवांत बसून राहिले असते.

तिन्हीसांज. रिकामे हात. उठावंसं न वाटणारा माणूस, ज्याचं नाव वाड्यावर कुणी घेत नाही.

माझ्याजवळ एकच हाक होती. पाण्याकडे पाठ केली, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले,

“दामूकाका, उठ. घरा चल.”