पांढऱ्या डबीची सुनावणी

हे बाहेर सांगणार नाही अशी मी शपथ घेतली होती, पण आमच्या मंजिरीताईच्या पोटातलं बाळ सातव्या महिन्यापासून रोज सकाळी दहा वाजता घरातल्या क्रीम-लोशनांची सुनावणी घेत असे. अक्षर बरं म्हणून मला लिपिक नेमलं होतं. लिपिकाने लिहायचं, बोलायचं नाही, असा नियम होता. मला तो आवडला. मी तशीही चार माणसांत बोलत नाही.

बाटल्या आणि ट्यूबा न्हाणीघरातल्या फळीवरून उतरून ताईच्या पलंगापाशी रांग लावत. आपल्या लेबलावर जे लिहिलं असेल ते प्रत्येकीला मोठ्याने सांगावं लागे. बाळाचा आवाज जरा दबका, पण स्पष्ट येई.

"रेटिनॉल," सुरकुत्यांचं क्रीम पहिल्याच दिवशी ऐटीत म्हणालं.

"जी क्रीमं गरोदरपणात नको म्हणून डॉक्टर सांगतात, त्यांत तुम्ही आहात. परत जा."

"मी परदेशी आहे."

"तसं लिहून घ्या, लिपिक. आणि परत पाठवा."

उन्हाचं क्रीम नम्र होतं. त्याने झिंक ऑक्साइड असल्याचं सांगितलं आणि ते मंजूर झालं.

खरी अडचण ताईच्या गालांची होती. दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले होते. रविवारी डोहाळजेवण, सासरच्या बायका येणार, फोटो निघणार. ताई दिवसभर ओढणीने गाल झाकून बसे. तेवढ्यात सुलभाआत्या एक पांढरी डबी घेऊन आली. तिचं बाजारपेठेत पार्लर आहे.

"चार दिवसांत चेहरा लख्ख. माझ्याकडच्या सगळ्याजणी लावतात," ती म्हणाली.

डबीवर लेबल नव्हतं, त्यामुळे तिला बोलता येईना. बाळाने तीनदा विचारलं, "आत काय आहे?" डबी गप्प.

"अरे, तिच्या वतीने मी सांगते ना. चांगलं आहे ते."

"आजी, 'चांगलं' हा घटक नाही. गोरं करणाऱ्या अशा डब्यांत पारा सापडलेला आहे. पुढची तारीख उद्याची."

"आत आहे तोवर हे असं बोलतंय. बाहेर आल्यावर आम्हाला घरात तरी ठेवील का?" आत्या पर्स उचलत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्या दहाच्या आधीच येऊन बसली होती. डबीवर आता लेबल होतं आणि ती गोड आवाजात बोलली, "झिंक ऑक्साइड, ग्लिसरीन, पाणी."

"हरकत दिसत नाही," बाळ म्हणालं.

ताईने लगेच झाकण काढलं आणि बोट बुडवलं.

मी रांगेकडे पाहिलं. शेवटी एक उघडीबोडकी, बिनलेबलाची ट्यूब उभी होती. तिच्या अंगावर वाळलेला डिंक आणि कागदाचा एक कपटा होता. ती टाचा उंचावून काहीतरी सांगू पाहत होती, पण आवाज फुटत नव्हता. इकडे डबीवरचं लेबल इतकं मोठं होतं की ते दीड वेळा गुंडाळलं होतं.

ताईचं बोट गालापासून वीतभर होतं. मी पेन खाली ठेवलं.

"ताई, थांब! हे लेबल तिचं नाही. उन्हाच्या क्रीमचं सोलून लावलंय."

सगळे माझ्याकडे वळले. "ही बोलते?" आत्या म्हणाली.

"लिपिक बोलल्याची नोंद लिपिकानेच करावी," बाळ म्हणालं. "आणि लेबल ज्याचं त्याला द्यावं."

मी ते सोलून ट्यूबला लावलं. "आभारी आहे," ट्यूब म्हणाली. डबी पुन्हा गप्प झाली. अर्ज फेटाळला गेला.

ताईने साबणाने बोट धुतलं. "मग रविवारी मी या गालांनी बसू?"

"त्या गालांविरुद्ध या कार्यालयात एकही अर्ज आलेला नाही," बाळ म्हणालं.

रविवारी ती त्याच गालांनी हिरवी साडी नेसून बसली. फोटो निघाले.

ताई मागच्या महिन्यात बाळंत झाली. बाळ आता पाळण्यातून काम बघतं. पण आत्या पार्लरमध्ये गरोदर बायकांना सांगते आहे की आमच्या मंजिरीच्या बाळाने ही डबी मंजूर केली. म्हणून मी शपथ मोडते आहे. निकालाची नक्कल मी मोठ्या अक्षरात काढली आहे. उद्या शाळेत जाताना ती पार्लरच्या आरशावर चिकटवणार आहे. आत्या ओरडेल. ओरडू दे. खुर्च्यांवरच्या बायकांना मी ती वाचूनही दाखवणार आहे. त्यांतल्या एकीला आठवा महिना आहे आणि तिने कालच डबी नेली. मी आधी तिच्याच खुर्चीपाशी जाणार आणि पहिल्या ओळीपासून, न अडखळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा…

"लिपिक! मालिशचं तेल हजर झालंय. वही घेऊन या."