सरकत्या जिन्यावरचा नळ

भैरववाडीच्या महादेवापुढचा नळ कोरडा पडला, आणि ही बाब ग्रामपंचायतीने अत्यंत गांभीर्याने घेतली. म्हणजे नळाला कुणी हात लावला नाही.

इंदूकाकूंचं प्रदोषाचं व्रत. देवळापुढच्याच नळाच्या पाण्याने अभिषेक करायचा, मगच उपास सोडायचा. येत्या शनिवारी प्रदोष होता, म्हणून आठवडाभर आधीच त्या पंचायतीत गेल्या. तिथे वरद हा नवा तक्रार-समन्वयक संगणकापुढे बसला होता.

"काकू, निर्धास्त राहा. मी एस्कलेट केलंय."

"म्हणजे काय रे बाळा?"

वरद खुलला. "मॉलमध्ये एस्कलेटर असतो ना, सरकता जिना? त्यावरूनच निघालाय हा शब्द. तक्रार पायरीवर उभी करायची. पाय न हलवता वर जाते!"

"आणि खाली यायचा जिना?"

"तो अजून मंजूर नाही."

बाहेर गावचा नळवाला कानिफनाथ पाना घेऊन बसलेला. "वायसर फुगून अडकलाय, काकू. नवा माज्या खिशातच हाय. पन तक्रार वर गेली ना, आता खालच्यानं हात लावायचा न्हाई म्हनत्यात."

तक्रार चढत राहिली आणि गावाची मान ताठ होत गेली. "आपला नळ पार मुंबईला पोचला!" म्हणत सरपंच रुपालीताईंनी नळाला हार घातला. हाराची फुलं ताजी राहावीत म्हणून त्यावर शेजारच्या विहिरीचं पाणी शिंपडण्यात आलं.

शनिवारी दुपार कलली. काकूंनी पदर खोचला. "कानिफ, बसव तो वायसर."

वरद धावत आला. "काकू, पाणी आलं तर तक्रार खोटी ठरेल! वरून तुमच्याच नावाने नोटीस निघेल!"

"निघू दे की," काकू मऊ आवाजात म्हणाल्या. "तिला खाली यायला जिना कुठंय?"

कानिफनाथाने पाना फिरवला. नळ खोकला, हार उडाला, पाणी धो धो आलं. काकूंचा अभिषेक यथासांग झाला. सगळ्यांनी घागरी भरल्या. वरदनेही बाटली भरली, दोन घोट घेतले आणि कर्तव्यबुद्धीने नवी तक्रार नोंदवली: 'देवळापुढे विनापरवाना पाणी सुरू.'

तीही सध्या चढते आहे. हे वाचताना, 'वरच्यांनी एकदा लक्ष घालायला हवं,' असं तुमच्याही मनात आलं असेल. आलं ना?

बघा, चढली आणखी एक पायरी.