अप्पांची टाकी, अप्पांचा सायरन

सांगा बरं, विश्वास ठेवावा तर कुणावर? शेजाऱ्यावर, बायकोवर, का दोन बोटांएवढ्या लोहचुंबकावर? उदगीरच्या गुरुलिंगअप्पांनी लोहचुंबकावर ठेवला.

अप्पांचं हार्डवेअरचं दुकान. शाळा जेमतेम, पण कडी-कोयंड्यात डॉक्टरेट. 'उदगीर जिल्हा होणार' अशी हवा उठली, त्या वर्षी त्यांनी घराला गॅरेज बांधलं. (गाडी नव्हती. पण जिल्ह्याच्या ठिकाणी गॅरेज नसलेलं घर तालुक्यासारखं दिसतं, असं त्यांचं मत.) जिल्हा आला नाही, गाडी आली नाही, आला तो दुष्काळ. नळ नुसता खोकायचा. मग गाडीच्या जागी पाण्याची काळी टाकी बसली, आणि घरात तिचा मान जावयाचा झाला.

त्या आठवड्यात टाकी काठोकाठ होती. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी लेकीला, सिंधूला, कुंकू लावून लग्न ठरवायला बिदरहून पाहुणे मुक्कामी यायचे होते. आणि येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, आला की झाडून सारं गाव शेतात.

"चोराला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?" अप्पा म्हणाले. चोरही त्यांनी ठरवून टाकला होता. शेजारचा भीमाशंकर, एसटीतला कंडक्टर. त्याचा जमिनीतला हौद कोरडा. घासूनपुसून, झाकण उघडं टाकून तो हौदाला ऊन दाखवायचा आणि भिंतीवरून रोज विचारायचा, "अप्पा, टाकी कुठवर हाय?"

अप्पांनी लातूरहून सायरन आणला. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो बसवायला. "मला बसवायला माणूस?" अप्पा दुखावले. घरी ड्रिल घेऊन चढले स्टुलावर.

"काय करायलाव?" त्यांच्या पत्नी दानम्मा खालून म्हणाल्या.

"हे बघ, एक तुकडा गॅरेजच्या शटरवर, एक चौकटीवर. जवळ हायत तवर गप्प. दूर झाले की बोंब."

"म्हणजे आपल्या उलटं."

अप्पांनी ड्रिल चालू केलं. वायरीची क्लिप ठोकायला भिंतीत भोक पाडलं, लांबलचक स्क्रू पिळला. थोडी ओल दिसली. "गिलावा कच्चा हाय," असं म्हणून त्यांनी गवंड्याला दोन शिव्या घातल्या.

येळवशीच्या सकाळी कळलं, भीमाशंकर घरीच राहणार. त्याच्या रानात पेराच झाला नव्हता.  मग एकदम अप्पांचं डोकं चाललं: चोराला सोबतच नेलं तर?

"भीमाशंकर, चल आमच्या शेतात आंबील प्यायला!"

तो बिचारा टोपी घालून तयार. घराची किल्ली दानम्मांच्या कमरेला. शटरची मात्र अप्पांनी स्वतःकडे ठेवली आणि शटर असं दणकन ओढलं की भिंत हादरली.

शेतात कडब्याच्या कोपीतली पूजा झाली. मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. अप्पा पहिल्यांदाच मोकळे हसले. "आज सायरन वाजला तर अख्खं उदगीर ऐकंल!"

भीमाशंकर ओरपता ओरपता थांबला. "पर अप्पा, गावात हाय कोण ऐकायला? एक मी होतो. मला तर तुम्हीच इथं आणलं."

आंबील अप्पांच्या नाकात गेली.

भीमाशंकरच्याच मोटारसायकलवर दोघं गावात आले. गल्ली सुनसान, सायरन गप्प. पण शटरखालून पाण्याचा ओघळ निघाला होता आणि उतारानं सरळ भीमाशंकरच्या हौदात उतरला होता. अप्पांनी घाईघाईत कुलूप काढून शटर वर ढकललं.

आणि सायरन बोंबलला.

आत टाकीतलं पाणी बुडाला गेलेलं. क्लिपचा स्क्रू गिलाव्यातल्या पाइपात घुसला होता. शटरच्या दणक्यानं तो ढिला झाला, आणि पाण्यानं वाट धरली. दार कुणी उघडलंच नव्हतं, तर सायरन तरी काय करणार?

"बंद करा ना!" भीमाशंकर कानात बोटं घालून ओरडला.

"बटण घरात हाय! किल्ली बायकोकडं!"

भीमाशंकर हौदात डोकावून आला. त्या गोंधळात गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? पण तो म्हणाला, "अप्पा, तुमचं पाणी माझ्याकडं आलंय. मी न्हाई आणलं, आं! बादल्या काढा."

सायरनच्या तालावर भिंतीवरून बादल्या सुरू झाल्या. शेतातून परतणारं गाव दारात उभं राहून बघू लागलं. दानम्मा आल्या, बटण दाबलं, टाकीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भीमाशंकरभाऊजी, उद्या कुंकवाला पहिला मान तुमचा."

पाहुण्यांच्या आंघोळी निघाल्या, सिंधूचं जमलं.

आता ही गोष्ट पुढं सांगालच, खुशाल सांगा. फक्त हिशेब इमानानं ठेवा: पाणी सांडलं ते अप्पांच्या स्क्रूनं, राखलं ते भीमाशंकरच्या हौदानं, आणि सायरननं आजवर माणूस पकडला तो एकच, स्वतःच्याच शटरची किल्ली हातात घेतलेला.