विश्रामरावांनी घोडीस नवी बॅटरी घातली त्याची हकीकत

श्रीगजवदन रक्षो. राज्यांत जे घडले ते जैसे कानी आले तैसे लिहिले. उणेअधिक असेल ते वाचणाराने पोटात घालावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, रविवार, ते समयी दुसऱ्या मजल्यावरील राज्यी विश्रामराव गादीवर होते आणि कारभार राणीसाहेब वेणूबाई पाहत होत्या. रावांचे पदरी मोटारसायकल नामे काळी घोडी, लग्नाआधीपासूनची, राव तिजवर जीव टाकीत. परंतु तिची बॅटरी वैकुंठवासी जाहली, बटण दाबावे तो घोडीने टकटक करून गप्प व्हावे आणि किक मारावी तो रावांची पोटरी धरावी. मग राणीसाहेबांनी फर्मान काढिले की सांजेपावेतो उठली तर राहील, न उठली तर विकली जाईल. फिटर बोलवावा ऐसी शेजाऱ्यांची मसलत पडली, परंतु राव म्हणाले, आमचे घोडीस आमचाच हात लागेल, आणि नवी बॅटरी, पाना व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पार्किंगचे मैदानी उतरले.

मग बाजूचे झाकण काढिले, आधी काळी वायर सोडविली, मग तांबडी, आणि तिचा बोल्ट घरंगळून घोडीचे पोटात गेला, तो खराट्याच्या काडीने काढिता काढिता राव तेलाने माखले. तेव्हा धसका घेऊन उरलेले बोल्ट आणि स्क्रू त्यांनी दातांत धरिले. नवी बॅटरी बसविली, तांबडी वायर आवळली, आणि एका हाती काळी वायर, दुजे हाती इवलासा नट, ऐसे ओणवे असता शेजारचे इमारतीचे सरदार हैबतराव घोडी विकत मागावयास आले. राणीसाहेब गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, हैबतरावांना गाडी हवीय. देऊ ना? नको असेल तर आत्ताच सांगा, नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

तोंड उघडावे तो बोल्ट पोटात जावा, मान हलवावी तो नट निसटावा. रावांचे डोळा पाणी आले आणि राव गप्पच राहिले. त्या घरी ऐसा रिवाज की वर्तमानपत्राआडून राव बोलले नाहीत म्हणजे रुकार समजावा. तो रिवाज रावांनीच घातलेला, आणि पडदे, मिक्सर व मेहुण्याचा मुक्काम त्याच मार्गे मंजूर जाहले होते. तो प्रमाण धरून राणीसाहेब खाली आल्या, हैबतरावांचे हाती पेढा ठेविला आणि शब्द दिल्हा.

मग रावांनी दातांतला बोल्ट काढून काळी वायर आवळली आणि बटण दाबिले, तो घोडी पहिल्याच हाकेस ऐसी गर्जली की साऱ्या गॅलऱ्या भरल्या. उरलेले स्क्रू हातावर थुंकून राव म्हणाले, "उठली. आता विकायची नाही."

"मग मघाशी का नाही बोललात?" राणीसाहेबांनी पुसले, आणि हातावरचे स्क्रू पाहून त्यांसही वाईट वाटले. परंतु पेढा हैबतरावांनी खाल्ला होता. ते म्हणाले, ऐसी तयारीची घोडी कोण सोडील, आणि स्वार होऊन फाटकाबाहेर गेले.

एकूण, बॅटरी फत्ते जाहली आणि घोडी गेली. झाकण लावणे तेवढे राहिले, ते रावांपाशी आहे. हैबतराव दर रविवारी ते झाकण मागावयास येतात, आणि राव वर्तमानपत्र खाली ठेवून, चहाचा घोट गिळून, तोंड मोकळे करून, साऱ्या इमारतीस ऐकू जाईल ऐसे नाही म्हणतात. हकीकत इतकीच.