रायफलीचं कपाळ

रायफलीला कपाळ असतं का, आणि असलं तर ते नेमकं कुठे, हा प्रश्न निशिकांतराव दातारांना खंडेनवमीच्या सकाळी शूटिंग क्लबात पडला. विचारायला बायको, स्मिता, नव्हती.

ती असती तर प्रश्न पडलाच नसता. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीची पूजा तीच करायची. शिलाई मशीन, कात्री, विळी, झालंच तर निशिकांतरावांचा कॅल्क्युलेटर, सगळ्यांना ओलं कुंकू आणि वर अक्षता. मागे उभं राहून वेळेवर हात जोडणं एवढंच निशिकांतरावांचं काम, आणि ते त्यांनी जन्मभर चोख केलं होतं.

रायफलही तिच्यासाठीच होती. नागपूरला कॉलेजात असताना स्मिताने एका जुन्या जर्मन एअर रायफलीवर पदक मिळवलं होतं. ती डावरी, रायफल उजव्या हाताची. मान वाकडी करून नेम धरायची. "माझ्या हाताची मिळाली असती ना, तर एकेकाला दाखवलं असतं," हे निशिकांतराव लग्नापासून ऐकत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे तशीच जुनी, पण डावऱ्या हाताची रायफल सापडली. मग सिंगापूरची परवानगी आली, म्हणजे आधी एक आली आणि तिने दुसरी मागितली. दिवाळीत स्मिता गेली. रायफल फेब्रुवारीत आली.

ती घरी ठेवता येत नव्हती, क्लबातच कुलपात राहायची. आणि क्लबचा नियम असा की मालकाने मुदतीच्या आत दहा छर्रे झाडून त्यातले निदान पाच निशाणाच्या काळ्या वर्तुळात मारून दाखवायचे. नाहीतर रायफल जमा करून मोडीत काढायची. निशिकांतरावांनी आजवर डासावरसुद्धा नीट नेम धरला नव्हता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मुदत खंडेनवमीवर येऊन टेकली.

"बाबा, सोडून द्या ना," बसमध्ये त्यांची मुलगी जाई म्हणाली. "आई नाहीये. हू विल यूज इट?"

"तिची वस्तू मोडीत नाही घालायची," निशिकांतराव म्हणाले, आणि पिशवीतली कुंकवाची डबी चाचपू लागले.

क्लबचे प्रशिक्षक मिस्टर लिम यांनी पूजेच्या ताटातल्या वस्तू एकेक करून तपासल्या. "फ्लॉवर कॅन. राइस कॅन. फायर कॅनॉट, अंकल." निरांजन परत पिशवीत गेलं. निशिकांतरावांनी कुंकू कालवलं, ते सवय नसल्यामुळे पातळ झालं. मग ते रायफलीचं कपाळ शोधू लागले. नळी निमुळती, दस्ता लाकडी. शेवटी मागच्या बाजूला, डोळा लावायच्या जागी, एक गोल काळी चकती दिसली. तिच्या बरोब्बर मध्ये बारीकसं भोक होतं. जर्मन माणसाने कुंकवासाठी जागा सोडल्यासारखं. निशिकांतरावांनी तिथे ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता दाबल्या आणि हात जोडले.

बिचाऱ्यांचा दोष नव्हता. एकुलता एक धडा त्यांनी क्लबच्या साध्या रायफलीवर घेतला होता आणि तिला नेम धरायला उघडी खाच होती.

लिमनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, वरून नळीवर नजर टाकून निशाणाकडे वळवली आणि म्हणाले, "डोंट मूव्ह, अंकल. जस्ट प्रेस."

निशिकांतरावांनी डावा डोळा चकतीला लावला. समोर मिट्ट काळोख.

"मला काही दिसत नाहीये," ते इंग्रजीत म्हणाले.

रायफल कोणासाठी आणली हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. लिमनी निशिकांतरावांच्या पाठीवर हात ठेवला. "टेक युअर टाइम, अंकल. माय वाइफ ऑल्सो, लास्ट इयर." शेजारचे दोघे नेमबाज आदराने थांबले. जाईने टिश्यू पुढे केला. निशिकांतरावांनी खडखडीत कोरडे डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. काळोखच.

एवढे लोक आपल्यासाठी खोळंबलेत म्हटल्यावर त्यांना कानकोंडं झालं. सांगितल्याप्रमाणे न हलता त्यांनी छर्रा सोडला. मग दुसरा. लिम स्वतः छर्रे भरून देत होते आणि दुर्बिणीतून पाहत काहीच बोलत नव्हते. पाच झाले तेव्हा जाई वाकली.

"बाबा, तुमच्या भुवईला कुंकू लागलंय." मग तिने चकतीकडे पाहिलं. "ओ गॉड, बाबा. भोकात तांदूळ आहे."

लिमनी फडकं पुढे केलं. जाईने हात आखडला. "कुंकू पुसू?"

"नको," निशिकांतराव पटकन म्हणाले. "दाणा तेवढा काढ. कुंकू राहू दे."

तिने केसांतली पिन काढून दाणा अलगद उडवला, भोक मोकळं केलं. निशिकांतरावांनी डोळा लावला. स्वच्छ उजेड, आणि मध्ये नेटकं काळं वर्तुळ. दस्ता गालाला इतका नेमका बसत होता की मान मुळीच वाकडी करावी लागली नाही. स्मिताला हे बघायचं होतं. एवढंच बघायचं होतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वर्तुळ विरघळून गेलं.

"नाऊ कॅन सी?" लिमनी खुशीत विचारलं.

"कॅन," निशिकांतराव म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते, पण आता कोणी थांबलं नाही. अडचण दूर झाली होती ना. त्यांनी उरलेले पाच छर्रे झाडले.

लिमनी निशाणाचा कागद आणला. पहिले पाच काळ्या वर्तुळात, एकमेकांना खेटून. नंतरच्या पाचांचा कागदावर पत्ताच नव्हता.

"पास," लिम म्हणाले. "बट अंकल, यू डोंट सी, यू शूट बेटर."

सगळे हसले. निशिकांतरावही हसले. रायफल कुलपात ठेवण्यापूर्वी जाईने ती उचलून पाहिली. शाळेत शिक्षकांनी पेन्सिल कितीदा उजव्या हातात दिली, तरी ती परत डाव्यातच घेणारी मुलगी ती. दस्ता आपसूक तिच्या डाव्या खांद्याला टेकला.

"बाबा," चकतीतून बघत ती हळूच म्हणाली, "काहीच दिसत नाहीये."

"दाणा राहिला असेल," निशिकांतराव म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडून घेतलेला टिश्यू तिला परत दिला.