मुलाणीतात्या आणि पिवळा दिवा

आमच्या शेजारचे मुलाणीतात्या कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी फ्रीजला कान लावतात. डोळे मिटून जरा वेळ ऐकतात आणि घरच्या बाईंना सांगतात, "घुसमटतंय बिचारं. भिंतीपासनं लांब ठिवा." मग चहा.

वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची उमर लेथ मशीनवर गेली. आता निवृत्त आहेत, पण हात गप्प बसत नाहीत. आमचा पंखा त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो एकाच वेगाने फिरतो. तक्रार केली तर म्हणाले, "वारा तो वारा. त्यात बारका-मोठा काय?"

स्वतःच्या जुन्या पांढऱ्या गाडीला मात्र ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. "ग्यारेजवाला एक नट आवळतो, दोन ढिलं करतो," हे त्यांचं ठाम मत. एका सकाळी त्यांनी बायकोची, म्हणजे आमच्या भाबींची, चांगली चादर अंगणात अंथरली, इंजिनाचे प्लग बदलले, एअर फिल्टर साफ केला आणि सगळं परत बसवलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. "वाघ हाय वाघ!" तात्या ओरडले. तेवढ्यात स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

तात्यांचा चेहराच पडला.

माझ्या मित्राकडे गाडीचा बिघाड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र होतं. ते आणून जोडलं आणि मी वाचून दाखवलं, "हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. सिग्नल येत नाही."

"उन्हाळ्यात हवा तापणार न्हाय तर काय गोठणार? ह्यात सांगण्यासारखं काय हाय?"

त्यांनी गाडी लिंबाखाली लावली आणि बॉनेटवर ओलं पोतं टाकलं. दिवा तसाच. समोरच्या कदमांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायचा सल्ला दिला. तात्यांनी कदमांशी बोलणं सोडलं.

मग त्यांनी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. दिवा गेला! तात्यांनी पेढे वाटले आणि मला घेऊन निरवांगीच्या रस्त्याला गाडी काढली. कालव्याच्या पुलावर दिवा पुन्हा लागला. तात्यांनी मुकाट्याने गाडी वळवली. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला, तर त्याला शिवी द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी येऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि फिल्टरच्या डब्यापासून एकेक वायर बोटांनी चाचपत गेले. डब्याच्या मागे सेन्सरच्या वायरीचा प्लग होता. दिसायला बसलेला, पण पुरता अडकलेला नव्हता. तात्यांनी अंगठ्याने दाबला. टक!

"मीच ठिवला हुता असा," ते पुटपुटले. बॅटरीची वायर काढून लावली, पुन्हा कालव्यापर्यंत जाऊन आलो. दिवा लागला नाही.

मला राहवेना. "तात्या, गाडी तर सगळे दिवस नीट चालत होती. एवढ्याशा दिव्यासाठी किती जिवाला लावून घ्यायचं?"

तात्यांनी फडक्याला हात पुसले. भाबींना डायलिसिससाठी ते स्वतः बारामतीला नेतात, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"हिच्या किडन्या गेल्या, तवा कुठं दिवा लागला हुता?" ते हळूच म्हणाले. "सैपाक करीत हुती, हसत हुती. कुणाला कायबी कळलं न्हाय. हितं निदान दिवा तरी लागतो. लागला, तर बघाया नगं व्हय?"



भाबी पिशवी घेऊन बाहेर आल्या. "झाली का तुमची गाडी?"

"झाली."

"मग चला की. उशीर हुतोय."

तात्यांनी पुढची सीट मागे सरकवली, उशी ठेवली, भाबींचा पदर दारात अडकत नाही ना ते पाहिलं आणि दार अलगद लावलं. कॉलनीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावरून त्यांनी गाडी इतकी हळू काढली, की मागचा दूधवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गप्प बसला.